टेंभरीचा प्लॉट

गोकुळाला आपल्या नवऱ्याचा राग कधी येत नसे. राग यायला समोरचा माणूस तेवढ्या वजनाचा असावा लागतो, आणि मनसाराम तेवढ्या वजनाचा नाही हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तिला त्याचं हसू येई. कधीमधी तो धोतराचा सोगा दोन बोटांत धरून, नाक वर करून कचेरीला निघाला की नुसती किळस येई. पण राग नाही.

आता कारकून म्हणजे असा काय मोठा तुर्रमखान, सांगा. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, एका कचेरीत दिवसभर जावक टपालावर शिक्के मारणारा माणूस. वर दहा साहेब आणि खाली एक कचेरीतलं मांजर, तेही त्याला जुमानत नसे. पण सातवी पास होऊन हा ढिवराचा पोरगा खुर्चीवर काय बसला, त्याला सगळं जग खालीच दिसायला लागलं. मूल तालुक्यातल्या ज्या गावात त्याच्या बापानं जन्मभर तलावात जाळं फेकून त्याला शाळेत घातलं, त्या गावाचं नाव निघालं की हा म्हणे, "कोण जाते तिकडं, वास मारते." वास कसला, तर मासोळीचा. स्वतः मासोळीवरच पोसला होता, पण कचेरीत कोणी विचारलं तर तोंड वाकडं करून सांगे, आमच्या घरी चालत नाही.

गोकुळा त्याच भागातली. तिचा बाप सोमाजी ढिवर. त्याला पोरगा नव्हता, म्हणून जाळं या पोरीच्या हाती आलं. बारा वर्षांची असताना ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जाळं फेकी तेव्हा ते ताटासारखं गोल उघडून पाण्यावर पडे. पाण्यावरचा बुडबुडा पाहून ती खाली मरळ आहे की वाम आहे ते सांगे, आणि बाप नुसता हसे. या विद्येचा कागद तिला कोणी दिला नाही, म्हणून मनसारामच्या हिशेबी ती अडाणीच.

लग्न होऊन ती चांद्याला आली ती जटपुरा दरवाज्याच्या आत, उमाजी नावाच्या माणसाच्या घरात, एका खोलीत. उमाजीच्या गळ्यात माळ. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, माझ्या घरात मास-मच्छी शिजता कामा नये. मनसारामनं लगेच हात जोडले, "आमी तं खातच नाई जी." त्या एका वाक्यावर गोकुळाची सहा वर्षं गेली. सहा वर्षं लाखोरीची डाळ आणि वांगी, वांगी आणि लाखोरीची डाळ. तिला सोनं नको होतं, लुगडी नको होती. तिला एक चूल हवी होती, जिच्यावर कोणाला न विचारता मासोळीचा रस्सा शिजवता येईल. हे तिनं नवऱ्याला शंभरदा सांगितलं असेल. तो म्हणे, "तुह्या जिभेले काही वळण नाई."

एकोणीसशे सत्तावनच्या होळीआधीची गोष्ट. मागच्या बोळातून एक ढिवरीण टोपलं घेऊन चालली होती. गोकुळाच्यानं राहवलं नाही. तिनं पसाभर झिंगे घेतले, दार लावलं, जवसाच्या तेलात परतले, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला आणि दोन्ही पोरींना घेऊन खायला बसली. पण तो वास दाराला कुठे ऐकतो. दुसरा घास तोंडात होता तेव्हाच उमाजी दारावर धडका मारत होता.

संध्याकाळी मनसाराम आला आणि अंगणात उमाजीसमोर वाकून उभा राहिला. "बाई अडाणी हाये जी, गावंढळ. माह्याकडं पाहून पोटात घाला." गोकुळा आतून ऐकत होती. उमाजीनं काही पोटात घातलं नाही. आषाढातल्या आखाडीच्या आत खोली खाली करा म्हणाला. खरं कारण झिंगे नव्हतेच. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, नवे साहेब आले होते, साहेबांमागून त्यांचे बाबू आले होते आणि शहराच्या परकोटाच्या आतल्या खोल्यांना सोन्याचा भाव आला होता. मनसारामच्या पगारात आता आत गोठासुद्धा मिळाला नसता.

झालं, घर शोधणं सुरू. दर रविवारी कोणाची तरी सायकल मागून आणायची, डोक्यावर पांढरी टोपी घालायची आणि निघायचं. चांद्याहून कचेरीच्या वेळेला पोचता येईल एवढं जवळ आणि खिशाला झेपेल एवढं स्वस्त गाव पाहिजे. एवढंच असतं तर केव्हाच मिळालं असतं. पण या महाराजांना शेजारही साहेबलोकांचा पाहिजे होता. संध्याकाळी परत येऊन खाटेवर बसायचं आणि एकेका गावाला नापास करायचं, हा त्याचा आवडता खेळ झाला.

"बाबूपेठ कसं हाये?" गोकुळा विचारी.

"हूं. रस्त्यात म्हशी बसतात."

"मंग बल्लारपूर?"

"भोंग्यावर उठाचं, भोंग्यावर जेवाचं. मी काय मजूर हावो?"

"खाणीकडं?"

"सदरा एका दिवसात काळा."

"दाताळा तं जवळ हाये."

"मधात इरई हाये. पूर आला का कचेरीत काय पोहत जाऊ?"

"ढिवराच्या पोराले पोहाले काय होते," गोकुळा म्हणाली. त्या रात्री तो तिच्याशी बोलला नाही, आणि तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

कचेरीत त्याच्या शेजारी लच्छूबाबू बसे. सिरोंच्याचा माणूस, घरी तेलुगू बोलणारा, साधा, हसतमुख. तोही भाड्यानं बेजार होऊन जागा शोधत होता. तो एकदा चेष्टेनं म्हणाला, "मनसारामबाबू, मोहर्लीले पाहा. जागा लय हाये, शेजारी फक्त वाघ." मनसारामनं ही गोष्ट घरी येऊन फार अपमानानं सांगितली. गोकुळाला वाटलं, वाघाचीच कीव करावी.

"मले घेऊन चला एकदा," ती म्हणाली. "गाव कसं हाये ते मी विहिरीवर घटकाभर उभी राह्यली तं सांगन."

"हे बाईमाणसाचं काम नाई."

मे महिन्यात एका रविवारी तो परत आला तो छाती काढून. रेल्वेच्या छोट्या लाईनवर टेंभरी नावाचं गाव होतं. मूलकडून चांद्याला येणारी सकाळची गाडी तिथे पंधरा मिनिटं थांबे, कारण इंजिनाला पाणी भरावं लागे. गाडी चांद्याला कचेरीच्या आधी पोचे आणि संध्याकाळची परत आणून सोडे. आणि तिथे त्याला भाड्याची खोली नव्हे, चक्क प्लॉट मिळाला होता. प्लॉट हा शब्द तो तोंडात गूळ धरल्यासारखा बोलत होता.

"सपाट कशी, पोळपाटावानी," तो म्हणाला. "एक धोंडा नाई, एक झाड नाई. माती अशी नरम का टाच रुतते. अन् एका अंगानं मातीची उंच भिंत आपसूकच हाये, कंपाउंडाचा खर्च वाचला."

गोकुळा भाकर थापत होती, तिचा हात थांबला. "एवढी चांगली जागा रिकामी काऊन हाये?"

"गावंढळ लोक हायेत. तिथी गुरं चारतात. त्याईले प्लॉट काय कळते?"

"गावात कोणाले इचारलं?"

"कोणाले इचाराचं? लटारूनं सोता उभं राहून दाखवली."

हा लटारू म्हणजे तिथल्या जुन्या मालगुजाराचा, जमीनदाराचा, दिवाणजी. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती, मालगुजार नागपूरला जाऊन बसला होता आणि लटारू उरलंसुरलं विकत फिरत होता, मालकाचं काय आणि सरकारचं काय. मनसारामनं विचारलं असतं तर टेंभरीतल्या शेंबड्या पोरानंही त्याला सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे त्या लोकांशी बोलायचं. गोकुळाचे चांदीचे कडे त्या कागदापायी गेले. ते सोमाजीनं लग्नात घातले होते. तिनं ते काढून दिले, कारण चूल तिलाच हवी होती.

जूनच्या सुरुवातीला त्यानं तिला आणि पोरींना प्लॉट दाखवायला नेलं. त्यानं तिथे उंच बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधली होती. ही बैठक, हे सैपाकघर, ही न्हाणी. बैठकीत कचेरीतले बाबू बसतील म्हणाला. गोकुळा सैपाकघरात उभी राहिली. पायाखाली काहीतरी टोचलं म्हणून ती वाकली आणि तिनं माती उकरली. शिंपली निघाली. आणखी उकरलं, आणखी दोन निघाल्या. मग तिनं मान वर करून त्या कंपाउंडाच्या भिंतीकडे नीट पाहिलं. भिंतीच्या आतल्या अंगाला दगडांची जुनी रांग होती. भिंत मध्ये एका ठिकाणी फुटली होती आणि त्या खिंडीत वीस-पंचवीस बाया-माणसं टोपल्यांनी माती टाकत होती, वर एक सरकारी मुकादम छत्री घेऊन उभा होता.

तिला सगळं एका दमात कळलं.

"हे काय हाये, ठाऊक हाये का तुमाले?" ती म्हणाली.

"प्लॉट."

"तलाव हाये. आपण तलावाच्या पोटात उभे हावो."

मनसारामनं चारी बाजूंना पाहिलं. "तलाव म्हणते. पाणी कुठी हाये?"

"पाळ फुटली होती, म्हणून दोन-तीन वर्षं थांबलं नाई. ते पाहा, बांधून राह्यले. यंदा थांबन."

"ते सडक बांधून राह्यले."

"इचारलं?"

विचारलं कुठे होतं. उलट मागच्या रविवारी त्या मजुरांतला एकजण त्याच्याशी काही बोलायला आला तेव्हा यानं त्याला, "ए, फडक्याले हात नोको लावू," म्हणून हाकललं होतं. तोच माणूस आता पाळीवर बसून तंबाखू मळत यांच्याकडे पाहत होता. तो थुंकला आणि पुन्हा माती टाकायला गेला.

"तुह्या डोळ्यातच मासोळी बसली हाये," मनसाराम म्हणाला. "सहा वर्षं चांद्यात राह्यली, पण ढिवरीणच राह्यली."

गोकुळानं त्या तीन शिंपल्या पदरात बांधल्या. दोन पिढ्या तलावावर जगलेल्या घरातला माणूस, आणि त्याला तलाव ओळखू आला नाही. का, तर तलावाकडे पाहणं त्यानं सोडून दिलं होतं. अशा माणसाला काय समजवायचं. ती पोरींना घेऊन स्टेशनाकडे चालू लागली.

पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनी मनसाराम एकटाच टेंभरीला जाऊन आला. आला तो खाटेवर घोंगडी घेऊन पडला. प्लॉटावर पाणी चढलं होतं. लटारू तोवर गाव सोडून गेला होता. कागद घेऊन कोणाकडे जावं, तर कचेरीत बोभाटा व्हायचा की ढिवराच्या पोरानं जमीन समजून तलाव विकत घेतला. त्यापेक्षा त्यानं ते गिळलं. आणि गिळून वर तोंड करून कचेरीत सांगत राहिला, "टेंभरीले प्लॉट घेतला बावा. तलावाच्या बाजूनं. हवा मोठी छान हाये." याला लाज म्हणावी की काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

आखाडी चार दिवसांवर आली. उमाजी रोज अंगणात येऊन खाकरून जाई. मनसाराम रोज म्हणे, पाहतो. शेवटी गोकुळानं भांडी पोत्यात भरली, पोरींच्या हाती बोचकी दिली आणि म्हणाली, "चला."

"कुठी?"

"तुमच्या प्लॉटाच्या गावाले."

टेंभरीला उतरून ती मागे न पाहता पाळीवर चढली. तलाव तुडुंब नव्हता, पण बराच भरला होता, आणि पाण्याच्या मध्ये बांबूंवर लाल फडकी फडफडत होती. पाळीपलीकडे ढिवरांची पाच-सहा घरं होती. पहिल्याच घराच्या ओट्यावर रुखमा नावाची म्हातारी बसली होती. नवरा वारला, पोटी कोणी नाही, डोळ्यांना कमी दिसायचं. भिंतीवर खुंटीला जाळं लटकत होतं. गोकुळानं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. तिनं जाळ्याला हात घातला आणि खालून वर चाचपत गेली.

"बाई, हे चार ठिकाणी फाटलं हाये. मी शिवून देऊ?"

रुखमानं डोळे बारीक करून पाहिलं. "कोणाची वो तू?"

"सोमाजी ढिवराची. मूलकडची."

"मंग उभी काऊन? बस ना."

संपलं. जागा मिळाली. ज्या कामाला बाबूसाहेबांना चार महिने, एक सायकल, एक टोपी आणि बायकोचे कडे लागले, ते गोकुळानं दोन वाक्यांत केलं. रुखमाच्या घराचा अर्धा भाग त्यांना मिळाला. भाडं म्हणून गोकुळानं म्हातारीच्या वाट्यानं तलावात जाळं टाकायचं, आणि निघेल ते चांद्याच्या बाजारात विकून अर्धं तिला द्यायचं. सहाव्या दिवशी गोकुळा छातीएवढ्या पाण्यात उभी होती. पहिलं जाळं वाकडं पडलं. दुसरं गोल पडलं. ती पाण्यातच थोडी रडली, आणि ते कोणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी रस्सा शिजला. मनसाराम बाहेर टोपी घालून बसला होता तो वास येताच आत आला. "दार लाव," म्हणाला. दार लावल्यावर मात्र त्यानं मांडी घालून असं ताट साफ केलं की रुखमा म्हातारीलासुद्धा ते ऐकू आलं. काटे चोखून बाजूला ठेवले, बोटं चाटली, वर म्हणाला, "बाहेर बोलू नोको कुठी." तेव्हापासून हाच रिवाज. घरात दार लावून मासोळी खायची, बाहेर नाक मुरडायचं. सकाळी तो गोकुळाच्या दहा मिनिटं आधी स्टेशनावर जाई, म्हणजे बरोबर चालायला नको. तो पुढच्या डब्यात बसे. गोकुळा बाकीच्या ढिवरणींबरोबर टोपलं घेऊन मागच्या डब्यात. चांद्याला उतरल्यावर तो इकडे, ती तिकडे. गोकुळानं हेही चालवून घेतलं. तिला चूल मिळाली होती. नवरा नाक मुरडतो की काय करतो, तिला फरक पडत नव्हता, किंवा तिला तसं वाटत होतं.

गावातले लोक त्या बांबूंच्या जागेला बाबूचा बंगला म्हणू लागले. "आज कुठी टाकलं गा जाळं?" "बाबूच्या बंगल्यात. बैठकीत मरळ लागली." मनसारामच्या कानावर ते येई, तेव्हा तो टोपी नीट करी.

पोळा झाल्यावरची गोष्ट. लच्छूबाबूची बायको बाळंतपणाला मूलला भावाकडे आली होती, म्हणून तोही महिनाभर मूलहूनच कचेरीला ये-जा करू लागला. पहिल्याच दिवशी इंजिन पाणी भरायला थांबलं तसा तो टेंभरीच्या फलाटावर उतरला. मनसाराम दिसताच त्याला फार आनंद झाला.

"मनसारामबाबू, हेच का तुमचं गाव? दाखवा ना प्लॉट. मलेही पाहाचा हाये एखादा."

मनसारामच्या तोंडचं पाणी पळालं. "दूर हाये. त्या तलावाच्या तिकडं."

लच्छूबाबूनं तलावाकडे पाहिलं. "पाण्यात ते लाल फडके कायचे?"

"मासोळ्या धरणाऱ्याईचं काही असन."

तेवढ्यात गोकुळा टोपलं डोक्यावर घेऊन आली. दोन हातांवरून जाताना सवयीनं तिची नजर नवऱ्याकडे गेली. मनसारामनं मान फिरवली, पण लच्छूबाबूच्या ते लक्षात आलं.

"ते बाई तुमच्याकडं पाहून राह्यली. ओळखीची का?"

"नाई," मनसाराम म्हणाला. "असन गावची कोणी ढिवरीण."

हे त्यानं हळू म्हणायला हवं होतं. गोकुळानं ते स्पष्ट ऐकलं. ती मागच्या डब्यापर्यंत गेली, टोपलं आत ठेवलं आणि दाराशी बसली. आपल्याला फरक पडत नाही असं ती इतके दिवस समजत होती. पण पडला. सहा वर्षं उमाजीसमोर ती अडाणी होती, ते तिनं सोसलं. तलावात उभी राहून या माणसाचं पोट भरत होती, तेही केलं. आता ती त्याची कोणीच नव्हती. तिच्या जिवाला ते फार लागलं.

संध्याकाळी तिनं वाम शिजवली. रुखमाला वाढलं, पोरींना वाढलं. मनसारामसमोर ताट ठेवलं, त्यात भात आणि लाखोरीची डाळ.

तो ताटाकडे पाहत राहिला. "हे काय?"

"जेवण."

"अन् वाम?"

"तुमच्या घरी चालत नाई ना," गोकुळा म्हणाली.

म्हातारी घास चावायची थांबली. मनसारामनं डाळभात कालवला. पोरी काटे काढून काढून खात होत्या, धाकटी बोटं चाटत होती. त्यानं चार घास गिळले आणि पाणी प्यायला. ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळानं रुखमाला घरीच बसवलं. एरवी भरलेलं टोपलं डोक्यावर चढवायला म्हातारी हात लावी, कारण ओल्या मासोळीचं टोपलं एकटीनं उचलणं होत नाही. आज गोकुळानं ते कमरेवर कसंबसं आणलं आणि फलाटाच्या मधोमध, मनसाराम आणि लच्छूबाबू उभे होते तिथे खाली ठेवलं. डोक्यावर चुंबळ नीट केली. मग नवऱ्याकडे सरळ पाहून म्हणाली,

"भाऊ, जरा हात लावता का?"

जिथे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तिथे ही भर फलाटावर त्याला भाऊ म्हणाली. मागच्या डब्याशी उभ्या असलेल्या ढिवरणी जागच्या जागी थांबल्या. एकीनं पदर तोंडात धरला. मनसारामचा चेहरा पांढरा पडला.

लच्छूबाबू बिचारा पुढे झाला. "मी लावतो, बाई."

"नाई जी, तुमी पाहुणे. ह्या भाऊलेच लावू द्या. ते गावचेच हायेत." आणि पुन्हा, "भाऊ, गाडी सुटन."

"भाऊ नोको म्हणू," मनसाराम पुटपुटला.

"मंग काय म्हणू? तुमीच सांगा ह्या बाबूजीले, मी तुमची कोण."

इंजिन पाणी भरून झालं होतं. ड्रायव्हरनं शिट्टी दिली. मनसारामनं फलाटाच्या दोन्ही टोकांना पाहिलं, जाण्यासारखी जागा कुठे नव्हती. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला तलाव आणि त्यात त्याचा प्लॉट.

"बायको हाये माही," तो म्हणाला.

"आयकू नाई आलं."

"बायको हाये माही. गोकुळा." या वेळी ते मागच्या डब्यापर्यंत गेलं.

आणि लच्छूबाबू? ज्याच्या धाकानं एवढं सगळं झालं, तो टोपल्यावर वाकून पाला बाजूला करत होता. "मरळ हाये का, वहिनी? कालच इचारणार होतो. आमच्या सिरोंच्याले गोदावरीची खाऊन मोठे झालो, चांद्यात कोणी चांगली देतच नाई. तुमी घरचेच निघाले तं बरं झालं." वहिनी हा शब्द तो अगदी सहज बोलला.

मनसाराम खाली वाकला. त्यानं टोपल्याच्या कडेला दोन्ही हात घातले आणि ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. टोपल्यातलं पाणी त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. तो तशाच ओल्या बाहीनं उभा राहिला. गोकुळानं टोपलं सावरलं, मागच्या डब्यात चढली आणि दाराशी बसली. तिनं वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मनसारामच्या ताटात मासोळी पडली. दार उघडंच होतं. तुकडा शेपटीकडचा होता, काट्यांचा.